न्यायाधीशही वऱ्हाडी बोलतो

अमेरिकेत आल्यावर पहिलं वर्ष माझ्या मराठीचं आता काय करायचं, याच विचारात गेलं. अमरावतीला मी कॉलेजात मराठी शिकवायचे. नवऱ्याला ह्यूस्टनच्या एका तेल कंपनीत नोकरी मिळाली, म्हणून २००२ साली आम्ही टेक्सासमध्ये शुगर लँडला आलो आणि माझ्या पासपोर्टवर डिपेंडंट व्हिसाचा शिक्का बसला. त्या व्हिसावर राहता येतं, गाडी चालवता येते, पोळ्या लाटता येतात. पगार तेवढा घेता येत नाही. नवरा सकाळी फ्रीवेला लागायचा तो संध्याकाळी घामेजून परत यायचा. मधला सगळा दिवस माझा, आणि बाहेर असं ऊन की टपालपेटीपर्यंत जायचं तरी डोक्यावर ओढणी घ्यावी लागायची.

लायब्ररीत जुन्या पुस्तकांची विक्री होती, तिथे मला एक जाड कादंबरी मिळाली. इथल्या शाळांत पिढ्यान्पिढ्या शिकवली गेलेली. तिचं नाव मी सांगत नाही. नाव ऐकलं की लोक आपलं आधीच ठरलेलं मत काढून पुढ्यात ठेवतात. गोष्ट सांगते. दक्षिणेतलं एक लहान गाव. एका विधवेचा गोरा मुलगा आणि शेजारी राहणारा काळा लोहार. मुलगा लोहाराच्या भात्यापाशी लहानाचा मोठा होतो, त्याच्याकडून काम शिकतो, आणि तरी चारचौघांत त्याला हिणवतो, कारण गावात सगळेच हिणवतात. पुढे गावातले बडे लोक लोहाराची जमीन लाटण्यासाठी कोर्टात जातात आणि साक्ष कुणाच्या बाजूनं द्यायची हे मुलाला ठरवावं लागतं. तो लोहाराच्या बाजूनं उभा राहतो.

पुस्तक संपलं त्याच दुपारी मी ठरवलं की हे मराठीत आणायचं. नवरा म्हणाला, "कर ना. टाइमपास होईल."

"टाइमपास नाही," मी म्हणाले. "काम आहे."

पुण्याच्या एका प्रकाशकाला फोन केला. ते म्हणाले, थोडा नमुना पाठवा, मग बोलू. पहिलं प्रकरण भराभर झालं. दुसऱ्या प्रकरणात लोहारानं तोंड उघडलं आणि मी अडकले.

मूळ लेखकानं त्याची बोली जशी ऐकू येते तशी लिहिली होती. शब्द मोडलेले, अक्षरं गाळलेली. अशा माणसाला मराठीत कसं बोलायला लावायचं, याची आपल्याकडे तयार वाट आहे: द्या त्याला गावाकडची बोली. आपल्या कितीतरी नाटक-कादंबऱ्यांत गडी, मोलकरीण आणि विनोदी पात्रं तशी बोलतात, आणि ज्याच्या हातात निर्णय असतो तो माणूस शुद्ध बोलतो. ही वाट मला चांगली ठाऊक होती, कारण मी तिच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिलेली बाई आहे. एम.ए.ला पुण्यात होते तेव्हा पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये मी विचारलं, "भाजी कोण वाढून राहिलं?" अख्खं टेबल हसलं. नंतर हॉस्टेलमधल्या मुली मला 'राहिलं' याच नावानं हाक मारायच्या. वर्गात पहिली आले तरी मी 'राहिलं'च होते. आता माझ्या हातानं त्या लोहाराला त्या टेबलावर नेऊन बसवायला मी तयार नव्हते.

लायब्ररीत मंगळवारी सकाळी एक वाचनगट भरायचा. योगायोगानं त्या महिन्यात चर्चेला हीच कादंबरी होती. मी मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. बहुतेक जणी निवृत्त, गोऱ्या, सौम्य. त्यांच्यातली एक म्हणाली, सगळी माणसं सारखी असतात हे मी लहानपणी या पुस्तकातून शिकले. माना डोलल्या. मग खिडकीजवळ बसलेल्या एक उंच, काळ्या बाई बोलल्या. ह्यूस्टनच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या.

"मुलगा शहाणा झाला, हे चांगलंच झालं," त्या म्हणाल्या. "पण लोहाराचं पुढे काय झालं? शेवटच्या प्रकरणात तो कुठे आहे, कुणी दाखवेल का मला?"

पानं उलटण्याचा आवाज झाला. शेवटच्या प्रकरणात लोहार कुठेच नव्हता. मुलगा होता, त्याचं अंतःकरण होतं, सूर्यास्त होता.

"मी हे पुस्तक नोकरीभर शिकवलं," त्या म्हणाल्या. "संधी मिळाली तर पुन्हा शिकवेन. पण हा प्रश्न विचारल्याशिवाय नाही."

पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं. डांबरातून वाफा निघत होत्या. मी माझं काम सांगितलं आणि म्हणाले, "मला तो लोहार ऐकायचाय. कागदावर तो मला ऐकू येत नाही."

"या पुस्तकाबद्दल लोक मला आम्हाला हिणवणाऱ्या त्या एका शब्दाविषयी विचारतात," त्या म्हणाल्या. "त्याच्या बोलण्याविषयी विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

तेव्हापासून आम्ही लायब्ररीतल्या एका लहान खोलीत भेटू लागलो. त्या वाचायच्या, मी ऐकायचे. मी त्यांना 'बाई' म्हणू लागले. त्यांनी अर्थ विचारला, तेव्हा सांगितलं की शाळेत आम्ही शिक्षिकेला बाई म्हणतो. मग, भाषेची माणसं आहोत तर पूर्ण सांगावं म्हणून हेही सांगितलं की घरकामाला येणारीलाही बाईच म्हणतात. त्या खळखळून हसल्या. "माझी आई दोन्ही होती. आठवडाभर लोकांच्या घरी आणि रविवारी चर्चच्या शाळेत. चालेल, म्हणा बाई."

त्यांच्या तोंडून लोहार वेगळाच निघाला. कागदावर तो अडाणी वाटायचा. बाईंच्या आवाजात तो मिस्कील होता, सावध होता, आणि समोर कोण आहे ते बघून चाल बदलणारा होता. मालकासमोर त्याची वाक्यं लांबायची आणि अर्थ कमी व्हायचा. बायकोशी बोलताना वाक्यं आखूड, अर्थ नेमका. हे मला एकटीला कधीच दिसलं नसतं.

एक दिवस त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "आता तुम्हाला एक गंमत सांगते. त्या गावातले गोरेही असेच बोलायचे. दुकानदार, शेरीफ, न्यायाधीश, सगळे. माझं आजोळ तिकडचंच आहे, मी ऐकलंय. लेखकानं त्यांचं स्पेलिंग शुद्ध ठेवलं. मोडलं फक्त लोहाराचं."

त्या वाक्यानं माझी अडचण एका झटक्यात सुटली. घरी येऊन मी नमुन्याची पानं पुढे ओढली आणि निवेदन सोडून सगळे संवाद नव्यानं लिहायला घेतले. सगळ्यांचेच. विधवा वऱ्हाडी बोलली, तिचा पोरगा वऱ्हाडी बोलला, दुकानदार, शेरीफ, लोहार, लोहाराची बायको, आणि सगळ्यात शेवटी उंच खुर्चीवर बसलेला न्यायाधीशही. त्यानं साक्षीदाराला विचारलं, "तुले कसं मालूम?" आणि मी टेबलाशी एकटीच बसून हसले. अमरावती सोडल्यापासून ही भाषा माझ्या हातानं मी पहिल्यांदा लिहीत होते.

राहिला तो शब्द. पुस्तकात तो पानोपानी होता. बाई वाचताना तो कधीच उच्चारत नसत. तिथे आल्या की एक श्वास थांबायच्या आणि पुढे जायच्या. मी 'काळ्या' लिहून पाहिलं. पण 'काळ्या' आपण लाडक्या पोराला म्हणतो, बैलाला म्हणतो, देवालाही म्हणतो. त्यात विष नाही.

"तुमच्या भाषेत तसा शब्द नाही?" बाईंनी विचारलं.

"आहेत. बरेच आहेत."

"मग त्यातला एखादा लिहाल?"

"नाही."

"का?"

"ज्यांना ते शब्द ऐकावे लागले, ती माणसं हे पुस्तक वाचतील."

"इथेही वाचलंच की," त्या शांतपणे म्हणाल्या. "पंधरा वर्षांची असताना मी वर्गात बसून वाचलं. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता." त्यांनी पुस्तकावर हात ठेवला. "सौम्य करू नका. सौम्य केलंत तर तो शब्द वापरणारे सुटतील. ज्याच्या तोंडी तो शब्द आहे, त्याच्या तोंडी तो राहू द्या. पण आमचाच शब्द ठेवा. तुमच्याकडच्या कुणाला आमच्यासाठी दुखवू नका."

मूळ शब्द देवनागरीत तसाच ठेवायचा, असं ठरलं. पहिल्या प्रकरणाआधी त्याविषयी चार ओळी लिहायच्या.

पुण्याच्या प्रकाशकांना मी अर्धं पुस्तक पाठवलं. त्यांचा फोन आला. माणूस सभ्य होता, आवाज मऊ होता.

"भाषांतर ओघवतं आहे," ते म्हणाले. "पण न्यायाधीश वऱ्हाडी बोलतो? वाचक हसतील हो."

"हसू देत. थोड्या वेळानं थांबतील."

"असं करा, लोहाराला ठेवा ग्रामीण बोली. बाकीच्यांना प्रमाण मराठी द्या. कोण कुठल्या पायरीवर आहे ते वाचकाला कळलं पाहिजे ना?"

"ते त्यांच्या वागण्यावरून कळेल."

"आणि तो इंग्रजी शब्द काढून टाकू. 'मजूर' म्हणा, 'गडी' म्हणा."

"लोहार कुणाचा गडी नाहीये," मी म्हणाले. "त्याची स्वतःची जमीन आहे. सगळी कादंबरी त्याच्यावरच उभी आहे."

ते म्हणाले, विचार करा. मी म्हणाले, केलाय. पुस्तक त्यांनी परत पाठवलं. त्या संध्याकाळी मी पुढचं प्रकरण सुरू केलं. प्रकाशक नसला म्हणून भाषांतर थांबत नाही. अडतं ते फक्त छापणं.

त्या वर्षी गणपतीला मी बाईंना घरी जेवायला बोलावलं. आमच्या ओळखीची काही मराठी कुटुंबं होती. त्यांत एक काकू, एका डॉक्टरांच्या पत्नी, इथे येऊन बरीच वर्षं झालेल्या. नव्यानं आलेल्या आम्हा सगळ्यांना त्यांनी पहिल्या दिवसांत डबे पोचवले होते, गाड्या चालवायला शिकवल्या होत्या. मी त्यांचं खाल्लेलं आहे, हे मी विसरलेले नाही.

बाई निळा झगा घालून, हातात फुलं घेऊन आल्या. आरतीच्या वेळी मागे हात जोडून उभ्या राहिल्या. नंतर मी पानं वाढत होते, तेव्हा काकू माझ्याजवळ आल्या आणि हसऱ्या चेहऱ्यानं मराठीत म्हणाल्या, "हिला कशाला बोलावलंस गं? देवाजवळ सगळी चांदीची भांडी मांडली आहेस. लक्ष ठेव हो."

बाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. शब्द कळले नाहीत, पण काकूंची नजर आधी त्यांच्याकडे आणि मग देव्हाऱ्याकडे गेलेली त्यांनी पाहिली. जन्मभर वर्ग सांभाळलेली बाई ती. त्यांनी मला सरळ विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाल्या का त्या?"

सगळ्यांचं लक्ष इकडे वळलं. नवऱ्यानं मला डोळ्यांनी खूण केली. तुमच्या झग्याचं कौतुक करताहेत, असं म्हणणं अगदी सोपं होतं. पण दोन वर्षं मी या बाईंच्या समोर बसून एकच गोष्ट करत आले होते: एका भाषेत जे आहे, ते दुसऱ्या भाषेत तसंच्या तसं न्यायचं. मी इंग्रजीत सांगितलं, "या म्हणताहेत की देवाजवळ चांदीची भांडी आहेत, तुमच्यावर लक्ष ठेवायला हवं."

काकूंचा चेहरा उतरला. स्वयंपाकघरात कुणाच्या तरी हातून चमचा पडला तो सगळ्यांना ऐकू आला. बाई काकूंकडे वळल्या.

"माझ्या आजीनं आयुष्यभर लोकांच्या घरची चांदी घासली," त्या म्हणाल्या. "तिच्या हातून कधी चमचा हरवला नाही. मला स्वतःला चांदी घासायचा कंटाळा आहे. माझ्या घरी स्टीलच आहे."

मग त्या पानावर बसल्या आणि जेवल्या. सावकाश, सगळं. काकू न जेवता गेल्या.

गाडीपर्यंत सोडायला गेले तेव्हा बाईंनी दार उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. "त्या अशा आहेत, हे तुम्हाला माहीत होतं?"

"अंदाज होता."

"मग मला आधी सांगायचं होतंत. मी आले असतेच. पण तयारीनं आले असते." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही खरं सांगितलंत, मीच विचारलं होतं. पण आता ते सोबत घेऊन घरी जाणार आहे ती मी."

त्या गेल्या. पुढच्या मंगळवारी लायब्ररीतली ती लहान खोली रिकामी होती. त्याच्या पुढच्याही.

इकडे डॉक्टरकाकांनी माझ्या नवऱ्याला फोन केला की तुझ्या बायकोनं पाहुण्यांसमोर आमचा अपमान केला. दिवाळीच्या फराळाचं आमंत्रण आलं नाही. नवरा वैतागला. "यार, सांभाळून घेता आलं असतं ना. काहीतरी गोड बोलून विषय कॅन्सल करायचा."

"प्लांटमध्ये प्रेशर वाढलेलं दिसलं तर तू वरिष्ठांना गोड आकडा सांगतोस का?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

पण त्या शनिवारी, मी बाईंच्या घरी जायचं म्हणाले तेव्हा त्यानं गाडीची किल्ली उचलली. ह्यूस्टनच्या ज्या भागात बाई राहायच्या तिकडे जाऊ नका, असं आम्हाला आल्या दिवसापासून सांगण्यात आलं होतं. आम्ही गेलो. कापलेली हिरवळ, पेकानची झाडं, ओसरीवर पेपर वाचणारे म्हातारे. बाईंनी दार उघडलं. जाळीच्या दाराआडून त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं.

मी म्हणाले, "जे बोलले ते परत घेणार नाही. पण तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. ते चुकलं."

"बरोबर," त्या म्हणाल्या. "तेवढंच चुकलं." आणि जाळीचं दार उघडलं. नवऱ्याला त्यांनी गोड चहा दिला, बर्फ घातलेला. त्यानं तो मुकाट्यानं संपवला आणि मग एकदम विचारलं, "तुमचे आजोबा-पणजोबा पण इथलेच?"

"माझ्या आजीचे वडील तुमच्या शुगर लँडलाच होते," बाई म्हणाल्या. "उसाच्या शेतात. आपल्या मर्जीनं नव्हते." आमच्या कॉलनीच्या दारावरचं गावाचं नाव नवऱ्यानं त्या दिवशी परतताना गाडी हळू करून वाचलं.

काकूंनी कधी माफी मागितली नाही, मीही मागितली नाही. मंदिरात दिसल्या की मी नमस्कार करते, त्या मान हलवतात. आमची गोष्ट तेवढ्यावर थांबली आहे आणि ती पुढे जाईल असं मला वाटत नाही.

काम मात्र पुढे गेलं. मी सगळं पुस्तक पुन्हा एकदा पहिल्यापासून तपासलं. रविवारी दुपारी नवरा संवाद मोठ्यानं वाचून दाखवायचा. तो मूळचा सदाशिव पेठेतला. "कायले" हा शब्द त्याच्या तोंडी असा यायचा, जणू खडा चावला जातोय. पण साक्षीच्या प्रकरणापर्यंत त्याची जीभ सुटली, आणि एका जागी तो वाचता वाचता थांबला, पाणी प्यायला उठला आणि बऱ्याच वेळानं परत आला.

अमरावतीच्या एका लहान प्रकाशकांनी हस्तलिखित मागवून घेतलं. फोनवर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "न्यायाधीश बी वऱ्हाडीच बोलते का?"

"हो, न्यायाधीशही."

"मंग छापतो."

२००७ च्या हिवाळ्यात माझ्या जुन्याच कॉलेजात एक छोटा कार्यक्रम झाला. मी दोन उतारे वाचले. न्यायाधीश बोलू लागला तशी मुलं हसली, अगदी मोकळेपणी. लोहाराला उभं करून त्याच्या बापाच्या जमिनीबद्दल विचारलं जातं तिथपर्यंत आले तेव्हा खोलीत कुणी हसत नव्हतं.

शेवटी प्रश्नांच्या वेळी एक मुलगी उठली. दुसऱ्या वर्षाला असेल. "मॅडम, हे गाव अमेरिकेतलं आहे, हे मी विसरूनच गेले होते. आमच्या गावात लोहाराच्या जागी कोण आहे, ते मला माहीत आहे. मी त्याच घरातली आहे."

मी पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिले.

"पुस्तक चांगलं आहे. पण ते त्या पोराचं आहे. तो कसा सुधारला त्याचं. आमच्या लोकांनी इथे स्वतःचं स्वतः लिहिलं. तिथल्या लोकांनी नाही लिहिलं का?"

"लिहिलंय. खूप लिहिलंय."

"मग ते कधी आणता?"

मला त्या मुलीचा राग आला नाही, लाजही वाटली नाही. पुढचं काम कोणतं, हे कुणीतरी बोट दाखवून सांगितल्यावर जे वाटतं ते वाटलं. मी म्हणाले, "आणते."

शुगर लँडला परत आल्यावर बाईंना छापलेली प्रत दिली. त्यांनी मुखपृष्ठावरून हात फिरवला, देवनागरी अक्षरांच्या रेघा बोटानं गिरवल्या, आणि मला साक्षीचा उतारा मराठीत वाचायला लावला. डोळे मिटून ऐकत होत्या. कळत एक शब्द नव्हता, पण तो इंग्रजी शब्द जिथे आला तिथे त्यांची पापणी हलली. वाचून झाल्यावर मी त्या मुलीचा प्रश्न सांगितला.

"तिचं काय नाव?" त्यांनी विचारलं. मी विचारायचंच विसरले होते. "पुढच्या वेळी विचारा," त्या म्हणाल्या, आणि उठून कपाटातून एक पातळ पुस्तक काढलं. त्यांच्या आईच्या पिढीतल्या एका काळ्या लेखिकेचं. त्यात एकही गोरा माणूस सुधारत नाही. गोऱ्यांना त्यात फारसं कामच नाही. स्वयंपाकघरं आहेत, भांडणं आहेत, एका बाईची तीन लग्नं आहेत, आणि पानोपानी इतकं हसणं आहे की मला वाचायला वेळ लागतो.

या वेळी आम्ही पद्धत बदलली. आता बाई वाचत नाहीत, मी वाचते आणि त्या मध्येच थांबवतात. "पुन्हा," म्हणतात, "ती चिडलेली नाही, दमली आहे." मी ते वाक्य पुन्हा वाचते, घरी येऊन मराठीत लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते. काम फार हळू चाललं आहे. पहिलं प्रकरण झालं आहे.